बाबूराव पेंटर आणि आमच्या दोन गाद्या

हॉस्टेलच्या दोन गाद्या गायब आहेत हे रेक्टर सरांच्या लक्षात आलं, तेव्हा त्या गाद्या सांगलीपासून सव्वाशे किलोमीटरवर, साताऱ्याजवळ माझ्या काकांच्या शेतात, पंपाच्या खोलीला टेकून उन्हात वाळत होत्या. त्या तिथं कशा गेल्या याचा लेखी खुलासा मी त्या वेळी दिलेला आहे आणि दंडही भरलेला आहे. पण त्या खुलाशात एका माणसाचं नाव यायला हवं होतं, ते राहून गेलं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. खुलासा लिहिताना मला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. आता माहीत झालंय, म्हणून हा लेख.

मित्रांनो, मागच्या वर्षी गॅदरिंगला शॉर्ट फिल्मची स्पर्धा होती. आमच्या विंगमधल्या पाच जणांनी ठरवलं, आपण ॲक्शन फिल्म करायची. प्रेमभंगाच्या फिल्मा दरवर्षी सात-आठ येतात, सामाजिक संदेशाच्या तेवढ्याच येतात आणि सगळ्यांच्या शेवटी तोच पियानो वाजतो. आम्हाला मारामारी पाहिजे होती. त्यात मी पडलो साताऱ्याचा. आमच्या जिल्ह्यात शूटिंगचं कुणाला नवल नाही. वाईच्या परिसरात 'गंगाजल' (२००३) झाला, 'दबंग' (२०१०) झाला, मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस' (२००४) झाला. आमच्याकडं दर दोन घरांमागं एक माणूस असा सापडतो, की त्यानं शूटिंग जवळून बघितलेलं असतं आणि त्यात विशेष काही नसतं असं तो ठासून सांगतो. माझाही समज तोच होता.

फिल्मचं नाव 'हिसका', लांबी आठ मिनिटं. मेसचे जमलेले पैसे घेऊन चोर पळतो आणि हिरो त्याच्या मागं लागतो. पळापळ हॉस्टेलच्या जिन्यातून सुरू होते, कृष्णेच्या घाटावर येते, मागं आयर्विन पूल दिसतो आणि पुढच्याच शॉटला दोघं साताऱ्यात, मागं अजिंक्यतारा. चोर सांगलीहून साताऱ्यापर्यंत पळत कसा गेला, हा प्रश्न आम्हाला पडला नाही. डायरेक्टर मी. कॅमेरा म्हणजे रूममेटचा मोबाईल. हिरो तासगावचा, कबड्डी खेळणारा आणि माझ्या शब्दाला कधी नाही न म्हणणारा. हे शेवटचं लक्षात ठेवा.

क्लायमॅक्सला हिरो पंपाच्या खोलीच्या छतावरून चोराच्या अंगावर उडी मारतो. छत सात फुटांवर, खाली दोन गाद्या. पहिल्या दोन टेकला उडी नीट झाली, पण चोर वेळेआधीच आडवा पडला. तिसऱ्या टेकला मी हिरोला अजून चार पावलं मागून पळत यायला सांगितलं. तो आला. दोन गाद्यांच्या मधल्या फटीत पडला आणि उजवा हात अंगाखाली गेला. मनगट मोडलं. प्लॅस्टर सहा आठवडे आणि सेमिस्टर परीक्षा पाचव्या आठवड्यात.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही एक गणित केलं. सात फूट म्हणजे सुमारे २.१ मीटर. तेवढ्या उंचीवरून पडणाऱ्या माणसाचा खाली येतानाचा वेग सेकंदाला साधारण साडेसहा मीटर, म्हणजे ताशी तेवीस किलोमीटर. गादी दबून दबून दबणार दहा सेंटिमीटर. म्हणजे थांबतानाचं सरासरी मंदन गुरुत्वाच्या एकवीस पट. अकरावीच्या पोराला येणारं गणित. तिथं तिघं मेकॅनिकलचे, एक सिव्हिलचा, एक इलेक्ट्रिकलचा, आणि उडीच्या आधी ते करावं असं एकालाही वाटलं नाही. स्टंट करणारे लोक खाली पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचतात ते यासाठीच. खोके चेमटत जातात, माणसाला थांबायला अंतर मिळतं. फटीत पडलेल्या माणसाला तर दहा सेंटिमीटरही मिळत नाहीत.

पहाटे हिरोचे वडील आले. द्राक्षांची काढणी चालू होती, ती टाकून आले होते. मला ते एक शब्द बोलले नाहीत. सगळ्यांना चहा सांगितला, त्यात माझाही सांगितला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सांगलीला परत आल्यावर मी तो शॉट लॅपटॉपवर लावला. मनात आलं होतं (लिहायला लाज वाटते, पण आलं होतं), की एवढं झालंय तर निदान शॉट तरी भारी असेल. शॉटमध्ये काहीच नव्हतं. मोबाईल समोर, लांब, डोळ्याच्या उंचीवर धरलेला. हिरो वरून येतो आणि गवताआड जातो, एसटीतून उतरल्यासारखा. ज्या क्षणाला हाड मोडलं तो क्षण पडद्यावर नव्हताच. खरी लागलेली मार खोटी दिसत होती.

हे मी वर्कशॉपच्या एका सरांना सांगितलं. त्यांनी आधी भरपूर ऐकवलं. मग म्हणाले, की शंभर वर्षांपूर्वी आपल्या शेजारी कोल्हापुरात एका मेस्त्र्यानं सिनेमा तर केलाच, पण तो काढायचा कॅमेरासुद्धा स्वतः बनवला. आणि त्याच्या सिनेमातली खोटी मारामारी लोकांना इतकी खरी वाटली की ती कापावी लागली. आधी त्या माणसाचं वाच, मग परत मोबाईल हातात घे. मी वाचायला घेतलं.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घर कारागिरांचं. वडिलांच्या हातात बऱ्याच कला होत्या. बाबूरावांची शाळा फारशी झाली नाही. शिक्षण झालं ते घरात, हत्यारं हाताळत. आपल्या भागात अशी घराणी बरीच. शेजारच्या मिरजेत शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांनी शस्त्रांचं काम संपत आल्यावर तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या आणि त्यात नाव काढलं. हात तयार असला की माल बदलता येतो. बाबूरावांचंही तसंच झालं. नात्यानं भाऊ लागणाऱ्या आनंदरावांबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले.

सांगलीत बसून नाटकाबद्दल जास्त सांगायला नको. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते याच गावात. त्यानंतर सत्तर वर्षांत मराठी नाटक श्रीमंत झालं, संगीत झालं आणि राजवाडा, बाग, अरण्य असे मोठमोठे रंगवलेले पडदे नायकाच्या मागं येऊ लागले. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतातल्या नाटक कंपन्यांत या दोघा भावांच्या पडद्यांना मोठं नाव होतं. मेस्त्री आडनाव मागं पडलं आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले, ते कायमचं.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. तो पाहून दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. फाळके त्याआधी १९१२ मध्ये लंडनला जाऊन आले होते, तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. कोल्हापूरच्या भावांना लंडन परवडणारं नव्हतं. त्यांनी मुंबईच्या बाजारातून एक प्रोजेक्टर मिळवला, कोल्हापुरात सिनेमे दाखवायला सुरुवात केली आणि कॅमेरा आपणच करायचा असं ठरवलं.

इथं मेकॅनिकलवाल्यांनी जरा थांबावं. सिनेमाचा कॅमेरा म्हणजे काय, हे मी थिअरी ऑफ मशीन्स शिकूनही कधी विचारलं नव्हतं. पस्तीस मिलिमीटर रुंदीची फिल्म, तिच्या दोन्ही कडांना भोकं, एका चित्रामागं प्रत्येक कडेला चार. ही फिल्म सलग सरकत गेली तर नुसता धूसर पट्टा उमटेल. ती एक चित्र सरकली पाहिजे, क्षणभर अगदी स्थिर उभी राहिली पाहिजे, तेवढ्यात पडदा उघडून मिटला पाहिजे आणि मग ती पुढं सरकली पाहिजे. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला सोळा वेळा, आणि तेसुद्धा हातानं दांडा फिरवून, साधारण सेकंदाला दोन फेरे. आपण जिनिव्हा मेकॅनिझमची आकृती जर्नलमध्ये काढतो आणि मार्क घेतो. फिरत्या चाकातून थांबत थांबत जाणारी गती कशी मिळते, हेच ते प्रकरण. प्रोजेक्टरमध्ये त्यासाठी तसलं चाक असतं, कॅमेऱ्यात बहुधा फिल्मच्या भोकात शिरून तिला खाली ओढणारी नखी असते. भोकाच्या मापात जरा चूक झाली की चित्र पडद्यावर थरथरतं. डब्यात बारीकशी फट राहिली की सगळी फिल्म काळी. आणि चुकलं कुठं हे कळतं फिल्म धुतल्यावर, म्हणजे पैसे गेल्यावर.

हे काम चालू असताना १९१६ मध्ये आनंदराव गेले. ज्याच्याबरोबर हे सगळं मांडलं तो भाऊ गेला. इथं बाबूरावांनी सोडून दिलं असतं तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. पडद्यांची कामं येतच होती. त्यांनी सोडलं नाही. विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी घेतलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू करून दाखवला. पहिलं महायुद्ध चालू होतं, परदेशातून काही मागवणं अवघड होतं, मदतीला पुस्तक नाही, सर्व्हिस सेंटर नाही. आमच्या मोबाईलचं चार्जर साताऱ्यात विसरलं तर आमचं शूटिंग दोन दिवस बंद पडलं होतं.

कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल तानीबाई कागलकर यांनी दिलं. एका बाईनं एका पेंटरच्या हातावर विश्वास ठेवून पैसे लावले, हे त्या काळात साधं नव्हतं. कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री', ७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. फाळक्यांच्या 'हरिश्चंद्रा'त तारामतीचं काम पुरुषानं केलं होतं. बाबूरावांनी बायकांची कामं बायकांनाच दिली. त्या बायकांना त्यासाठी समाजाचा रोष सोसावा लागला. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. टिळक त्याच वर्षी १ ऑगस्टला गेले.

'सैरंध्री'ची गोष्ट महाभारतातली. विराटाच्या घरी सैरंध्री बनून राहिलेल्या द्रौपदीला कीचक त्रास देतो आणि भीम त्याला ठार मारतो. आपण आज ज्याला ॲक्शन सीन म्हणतो तो हा. पडद्यावरचा कीचकवध प्रेक्षकांच्या अंगावर आला. मूक चित्र, रंग नाही, हातानं फिरवलेला कॅमेरा, आणि तरी लोक हादरले. शेवटी ते दृश्य काढून टाकावं लागलं. सेटवर भीम आणि कीचक दोघंही शॉट संपल्यावर उठून जेवायला गेले असतील. पडद्यावर मात्र खून झाला होता.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्याकडं नेमकं उलटं झालं होतं. आमचा माणूस खरोखर मोडला आणि पडद्यावर काहीच घडलं नाही.

मग बाबूराव हे जमवत कसे होते, याच्या मी मागं लागलो. उत्तर फार साधं निघालं. ते आधी सगळं काढून बघत. प्रसंगातली माणसं कुठं उभी राहणार, कशी हलणार, अंगावर काय घालणार, याची रेखाटनं ते शूटिंगच्या आधी करत. आयुष्यभर पडदे रंगवलेल्या या माणसानं सिनेमात मात्र रंगवलेला पडदा बाजूला केला आणि ज्यात माणूस आत शिरेल, भिंतीला टेकेल, खांबामागून बाहेर येईल असे भरीव सेट उभे केले. प्रेक्षकाला खोली दिसली तरच त्या खोलीतली झटापट खरी वाटते. शिवाय त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे, कुंकू काळं उमटायचं. रंगाचा उस्ताद असलेल्या माणसाला रंग विसरून फक्त उजेड आणि सावली यांत विचार करावा लागला.

त्याचं पुढचं पाऊल म्हणजे १९२३ चा 'सिंहगड'. हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरचा. यातला तानाजी आम्हा सातारकरांना जवळचा. त्याचं गाव आमच्या जिल्ह्यातलं पाचगणीजवळचं गोडवली असं मानतात. गडावरची लढाई रात्रीची आणि सिनेमा तोवर सगळा उन्हात काढला जायचा. बाबूरावांनी 'सिंहगड'साठी कृत्रिम प्रकाश वापरला, भारतीय चित्रपटात तो पहिल्यांदाच. स्वतः शिवाजी महाराजांची भूमिका केली. चित्रपटाला इतकी गर्दी झाली, की सरकारचं लक्ष तिकिटाच्या पैशाकडं गेलं आणि करमणूक कर आला, असं सांगतात. जाहिरातीची पोस्टरं ते स्वतः रंगवत आणि फोटोंसकट माहितीपुस्तिकाही काढत. पुढं पडद्यावर तलवारबाजी करून गाजलेला आणि १९३१ च्या 'आलम आरा'चा नायक झालेला मास्टर विठ्ठल हाही याच कंपनीतून वर आला.

एवढं यश मिळाल्यावर मी असतो तर दुसरा 'सिंहगड' काढला असता. बाबूरावांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. ही गोष्ट नारायण हरि आपटे यांची. (दोन आपट्यांत गोंधळ करू नका, मी वाचताना केला होता.) हे ना. ह. आपटे आपल्याच मुलखातले: जन्म सांगलीजवळच्या समडोळीचा, पुढचं आयुष्य सातारा जिल्ह्यात कोरेगावला. कर्जाच्या कागदावर शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो गाव सोडून शहराच्या वाटेला लागतो, एवढीच कथा. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं. त्यात तलवार नाही, राक्षस नाही, चमत्कार नाही. देवादिकांच्या आणि लढायांच्या चित्रांची सवय झालेल्या प्रेक्षकाला तो त्या वेळी फारसा रुचला नाही. आज मात्र भारतीय वास्तववादी सिनेमाची सुरुवात सांगताना त्याचंच नाव आधी घेतात. मारामारीचा उस्ताद असलेल्या माणसाला कळलं होतं, की सगळ्यात जोराचा मार आवाज न करता बसतो. मला तो दवाखान्यातला चहा आठवला.

पुढचा भाग वाचायला मला जड गेला. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर ही बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेली माणसं कंपनी सोडून गेली आणि सीताराम कुलकर्णी यांच्याबरोबर कोल्हापुरातच त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. कॅमेरा पुरा करताना जे दामले सोबत होते, तेही गेले. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली, तिचं पुढं काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) व्हेनिसपर्यंत पोचला. इकडं बोलपट आला. आवाज आला की चित्राची भाषा मागं पडेल, असं बाबूरावांना वाटत होतं. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. त्यांनी १९३५ मध्ये 'उषा' केला, १९३६ मध्ये 'सावकारी पाश' पुन्हा बोलपट म्हणून केला, १९३७ मध्ये 'प्रतिभा' केला. पण ते दिवस परत आले नाहीत. ते चित्रं आणि शिल्पं यांच्याकडं वळले, म्हणजे जिथून निघाले होते तिथं.

आमचीही कंपनी फुटली होती. अपघातानंतर रूममेटनं मोबाईल काढून घेतला आणि खालच्या मजल्यावरच्या पोरांबरोबर वेगळी फिल्म सुरू केली. आमच्या वेळी उडीचा अँगल चुकीचा आहे असं तो म्हणाला होता, मी ऐकलं नव्हतं. तरी मला राग त्याचाच आला होता. दीड महिना आम्ही एका खोलीत राहून बोललो नाही.

पण १९२९ वर गोष्ट संपत नाही. १९४७ मध्ये शांतारामांच्या राजकमलमध्ये 'लोकशाहीर रामजोशी' तयार झाला. दिग्दर्शनाला नावं दोन: बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम. सोडून गेलेल्या शिष्याच्या स्टुडिओत गुरू येऊन काम करतो. तिथं कोण कुणाला काय बोललं असेल ते मला माहीत नाही. एवढंच दिसतं, की अठरा वर्षांनी दोन नावं परत एका पाटीवर आली. १६ जानेवारी १९५४ ला बाबूराव गेले. 'सैरंध्री' आज कुणालाच बघता येत नाही, त्यांचे बहुतेक मूकपट काळाच्या ओघात नष्ट झाले. जो कीचकवध इतका खरा वाटला म्हणून कापला, त्याच्यामागोमाग उरलेला सिनेमाही गेला.

एका रविवारी मी, प्लॅस्टरवाला हिरो आणि (मीच आधी बोललो म्हणून) रूममेट असे तिघं एसटीनं जयसिंगपूर, हातकणंगले करत कोल्हापूरला गेलो. खरी कॉर्नरला बाबूरावांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. खालून रिक्षा, वडाप, भाजीच्या गाड्या जात असतात, वर बघायला कुणाला सवड नसते. आम्ही अर्धा तास तिथं उभे होतो. रूममेटनं फोटो काढले. हिरोनं विचार करून सांगितलं, की उडीचा शॉट फिल्ममध्ये ठेवायचा असेल तर ठेवा, हात त्याचाच मोडलाय. मी नको म्हणालो. आणि वहीत चौकोन आखायला बसलो. मला चित्र काढता येत नाही, काड्यांची माणसं काढली, पण प्रत्येक शॉट काढला.

तीन चौकोनांत ती उडी झाली. पहिल्यात छताच्या कडेवरून सुटणारे पाय. ते दोन फुटांच्या कट्ट्यावर घेतले, तेही माझे, कारण हिरोला आता कट्ट्यावरूनही उडी मारू द्यायची नव्हती. दुसऱ्यात चोराचा चेहरा, त्याच्यावर सरकत येणारी सावली, सावली पुठ्ठ्याची. तिसऱ्यात जमिनीलगत ठेवलेला मोबाईल, धूळ आणि त्या धुळीत आपटणारा हात. तो हातही माझा होता. सगळं मिळून दोन सेकंद. रूममेटनं अँगल ठरवले, मी मध्ये बोललो नाही. स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. रूममेटच्या दुसऱ्या फिल्मचा दुसरा आला. हिरोनं लेखनिक घेऊन परीक्षा दिली, पण मशीन डिझाइनच्या पेपरात आकृत्या दुसऱ्याच्या हातानं काढून घेणं जमलं नाही आणि केटी लागली. ती पुढच्या सेमिस्टरला सुटली. त्याची केटी माझ्या नावावर आहे, असं मी धरून चालतो.

सुट्टीला घरी न्यायला त्याचे वडील हॉस्टेलवर आले, तेव्हा त्यांनी फिल्म बघायला मागितली. कॉटवर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांनी ती शांतपणे बघितली. घाट बघितला, पूल बघितला, मारामारीला थोडं हसले. मग पाय छतावरून सुटले, सावली आली, धूळ उडाली. त्यांचा हात झटकन शेजारी बसलेल्या पोराच्या मनगटावर गेला. प्लॅस्टर निघून पंधरा दिवस झाले होते. फिल्म संपेपर्यंत त्यांनी ते मनगट सोडलं नाही.

खऱ्या पडण्याची क्लिप अजून माझ्याकडं आहे. ती त्यांनी बघितलेली नाही आणि मी दाखवणारही नाही. यंदा ज्यांना ॲक्शन फिल्म करायची असेल त्यांनी माझ्या खोलीवर यावं. काड्यांच्या माणसांची वही देईन, पुठ्ठ्याचे खोके कुठं फुकट मिळतात ते सांगेन. हॉस्टेलच्या गाद्यांना मात्र हात लावू नये.